लोहारपुलाची स्पॅनिश जखम

मोनिकवेर, ५ डिसेंबर, गुरुवार दुपार

तीर्थरूप डीना आत्या हिच्या सेवेशी,

हेस्टरचे तीन मुके: उजवा गाल, डावा गाल, पुन्हा उजवा. (पत्रातून ते कसे पोचतात मला ठाऊक नाही, पण न लिहिता पुढे गेले असते तर तू पत्र तिथेच मिटून ठेवलं असतंस.) तुझी तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात तू "आहे" एवढंच लिहिलं होतंस आणि त्याचा अर्थ मी तीन दिवस शोधत होते. बाबा सांगत होते की बोट सोडून जमिनीवर राहायला गेल्यापासून तू तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दुर्बिणीने नदीतल्या बोटी बघतेस आणि कोणी वळण चुकीचं घेतलं की काच ठोकतेस. खालच्या मजल्यावरच्या बाईंना त्याचा त्रास होत नसेल अशी आशा करते. होत असेल तर माझ्या वतीने माफी माग. (मी त्यांना ओळखत नाही, पण मागून ठेवलेली बरी.) मी बरी आहे. झोप नीट येत नाही, पण ती आधीही येत नव्हती, तेव्हा त्यात नवीन काही नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे गेल्या शनिवारी माझी शहरफेरी मंडळाची परीक्षा झाली. हे मंडळ म्हणजे पाहुण्यांना कालव्यांच्या काठाने पायी हिंडवून शहर दाखवणारे लोक. परीक्षा पास झाली की निळा बिल्ला मिळतो. "लोकांना त्यांच्याच पायांवर चालवायला परीक्षा कशाला लागते?" असं तू फोनवर विचारलं होतंस. तो मुद्दा राहू दे. पण बिल्ला मला का हवा आहे ते एकदा लिहून टाकते, कारण बोलताना तू मध्ये हसतेस. सातव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे आपली मालवाहू बोट 'आना मार्गारेटा' आणि मास्तरीण तू. अक्षरं मी समोरून येणाऱ्या बोटींच्या नावांवरून शिकले, वजाबाकी पुलांच्या उंचीतून पाण्याची उंची वजा करून, आणि नीतिशास्त्र तुझ्याकडून: पाहिलं असेल तेच सांगायचं. मग वसतिगृहात गेले, तिथे मी "पाण्यावरची" झाले. या शहराखालून आपण किती वेळा गेलो असू, पण इथल्या माणसांच्या लेखी आपण पुलाखालून जाणारा आवाज होतो. निळा बिल्ला म्हणजे एकदा तरी पुलाच्या वरच्या बाजूला उभं राहून "हे आमचं शहर" म्हणायची परवानगी. यंदा जागा एकच होती आणि उमेदवार दोन.

तयारी मी कसून केली. मंडळाच्या पुस्तिकेत चौदा थांबे आहेत आणि ते सगळे मी एकतीस वेळा चालले (एकतिसाव्या वेळी बेकरीवाल्याने विचारलं की काही हरवलंय का). अडचण वेगळीच निघाली. मला हे शहर पाण्यावरून माहीत आहे, म्हणजे मागच्या बाजूने. मोठं चर्च मला त्याच्या पन्हाळीवरून ओळखू येतं, पूर्वी माल तोलायचं ते वजनघर त्याच्या तळघराच्या गजांवरून, आणि नगरभवनाचा दर्शनी भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो दुसऱ्याच कोणाचा वाटला. "इथून डावीकडे" म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून "प्रवाहाच्या डाव्या काठाला" निघतं. सरावाच्या फेरीत मी एका वृद्ध जोडप्याला पुलावर चढताना वाकायला सांगितलं. ते वाकलेही.

नववा थांबा लोहारपूल. आता तू पत्र खाली ठेवशील. ठेवू नकोस.

लोहारपुलाच्या कमानीच्या कडेला, पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवरून दिसणारा, पावाच्या लादीएवढा टवका उडालेला आहे. पुस्तिका म्हणते की ही १५७३ सालच्या वेढ्यातल्या स्पॅनिश तोफगोळ्याची जखम. माख्टेल्ड नावाची लोहाराची विधवा तेव्हा पुलावर उभी होती, तिने तो गरम गोळा झग्यात धरला आणि शत्रूकडे परत फेकला. (दुसऱ्या आवृत्तीत तिने तो नुसता पाहिला होता. तिसऱ्या आवृत्तीत उचलला. मंडळ पुस्तिका सुधारत असतं.) पुलाशेजारचा मिठाईवाला चॉकलेटचे स्पॅनिश गोळे विकतो. पूल १७४४ साली बांधलाय हे त्याच्यावरच कोरलेलं आहे, पण ते पाण्याच्या बाजूला, त्यामुळे शहरात कोणाला माहीत नाही.

आणि तुला, मला माहीत आहे की तो टवका आपण उडवला. तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण सगळं क्रमाने मांडलं की मला बरं वाटतं. एकोणीस वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. मी सहा वर्षांची. मुलांसाठी भेटी घेऊन स्पेनहून येणाऱ्या संत निकोलासांना दरवर्षी शहरात आणणारी बोट ऐन वेळी बिघडली आणि समितीची माणसं धावत आपल्याकडे आली. त्यांनी आपल्या बोटीच्या मालाच्या कप्प्यावरच्या झाकणफळ्यांवर संतांचं सिंहासन ठेवलं, त्यावर लोखंडी छत्र उभारलं, आणि तू उंची मोजून "चार बोटं राहतात" म्हणाल्यावर कोणीतरी मागाहून त्या छत्राला सोनेरी कळस लावला. तू मला पुढे उभं केलंस: लोहारपूल आला की नीट बघ आणि छत्र लागणार असेल तर "खाली" म्हणून ओरड. काठावर अख्खं शहर, बँड वाजतोय, मुलं गातायत, आणि संतांनी वाकून मला मूठभर पेपरनोटन दिले, ती आल्याची छोटी बिस्किटं. मी ती सगळी एकदम तोंडात टाकली. पूल आला तेव्हा मी "खाली" म्हणाले, पण फक्त मला ऐकू आलं. मग कळस कमानीत घुसला, छत्र कोसळलं, तू मागून "ए दाढीवाल्या, आडवा हो" म्हणून गरजलीस, आणि संत आडवे झाले. काठावरच्या मुलांना वाटलं संत पुलाला मान देतायत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आठशे माणसांनी संतांकडे पाहिलं आणि पुलाकडे एकानेही पाहिलं नाही. मी का ओरडले नाही हे तू मला कधीच विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. एकोणीस वर्षं वाट पाहिली.

तेव्हा प्रश्न असा होता: परीक्षेत नवव्या थांब्यावर तोफगोळा सांगायचा, की नापास व्हायचं? बाबांना विचारलं. ते म्हणाले, "पोरी, स्पॅनिश लोक आता तक्रार करायला येणार आहेत का?" हे मला उत्तर वाटलं नाही.

परीक्षक दोघे होते. एक बोल्क बाई, गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ आणि हातात गुणपत्रिका. दुसरे मंडळाचे अध्यक्ष श्रीयुत फान टोल, सत्तरीचे, उंच, मृदू, सारखे घसा साफ करणारे. शिवाय "सर्वसामान्य जनता" म्हणून मंडळाने चार माणसं जमवली होती: झेलंडहून सुट्टीला आलेले निवृत्त गवंडी विसे, त्यांची बायको, आणि एक आजी, जिच्या हाताला साडेसहा वर्षांची फीन. संत दोन आठवड्यांपूर्वीच शहरात येऊन गेले होते, त्यामुळे फीनच्या खिशात त्यांच्या घोड्यासाठी गाजर होतं आणि ती दर थोड्या वेळाने ते चाचपत होती.

पहिल्या थांब्यावर मी नगरभवनाची पाठ दाखवली. सवयीने पाय तिकडे गेले. बोल्क बाई म्हणाल्या, "दार दुसऱ्या बाजूला आहे." मी म्हणाले, "हो, पण जुनं काम या बाजूला आहे, पुढचं नंतर चिकटवलंय." त्यांनी काहीतरी लिहिलं. चौथ्या थांब्याजवळ उचलता पूल वर गेलेला होता. सगळे घोळका करून उभे राहिले आणि मी, देवाशपथ नकळत, जाणाऱ्या बोटीला हात केला आणि सुकाणूवरच्या माणसाशी हवेबद्दल दोन मिनिटं बोलले. बोल्क बाईंनी घड्याळ दाबलं. सहाव्या थांब्यावर मी एक सोडून सगळी सालं बरोबर सांगितली, पण सांगून झाल्यावर "चूक असल्यास क्षमस्व" असं प्रत्येक सालाला जोडलं. विसेबाई नवऱ्याला म्हणाल्या, "किती नम्र मुलगी आहे, नाही?" विसे म्हणाले, "नम्र कसली, तिला भीती वाटतेय." दोघांचंही बरोबर होतं.

मग लोहारपूल. पायऱ्या उतरून आम्ही पाण्याशी उभे राहिलो. आठवडाभर घोकलेलं वाक्य मी म्हटलं: "पुस्तिकेनुसार ही स्पॅनिश तोफगोळ्याची खूण आहे." "पुस्तिकेनुसार" या शब्दावर माझी सगळी अब्रू उभी होती. ती टिकलीही असती. पण विसेंनी टोपी मागे सारली.

"बाई, एक विचारू? रागावू नका. चाळीस वर्षं विटा लावल्यात म्हणून विचारतो. हा घाव खालून वर गेलाय. तोफ काय कालव्याच्या तळाशी ठेवली होती त्यांनी?"

"झालं यांचं सुरू," विसेबाई म्हणाल्या. "सुट्टीला आलोय आपण. पूल दुरुस्त करायला नाही."

"मी नुसतं विचारतोय."

"विचारू नका. सगळ्यांच्या घरी सूप वाट बघतंय."

बोल्क बाई माझ्याकडे बघत होत्या. फान टोल पाण्याकडे. आणि आत्या, मी सांगून टाकलं. म्हणाले, "तोफ नव्हती. बोट होती. संत निकोलासांची. मला पुढे बघायला उभं केलं होतं आणि माझं तोंड भरलेलं होतं." (तुझं नाव मी घेतलं नाही. बोटीचंही नाही. "आमची" म्हणाले, हे खरं, पण "आमची"मध्ये कोणीही येऊ शकतं.) बिल्ला गेला हे मला कळत होतं. वाईटही वाटलं आणि खांदेही हलके झाले, आणि पुढचं सगळं सांगायला मी श्वास घेतला: छत्र, कळस, आणि दाढी लावून बसलेला तो कोण शेजारीपाजारी होता देव जाणे.

तेवढ्यात फीन म्हणाली, "संतांची बोट आपटली?"

सगळी मोठी माणसं गोठली. तुला सांगायला नको: या देशात माणूस चर्च सोडू शकतो, दुपारच्या पावात चीजऐवजी काहीही घालू शकतो, पण सात वर्षांखालच्या मुलासमोर दाढी खोटी आहे असं सूचित करणारा धड घरी पोचत नाही. आजीने माझ्याकडे अशी नजर टाकली की घेतलेला श्वास मी तसाच गिळला.

"आपटली," मी म्हणाले. ते खरं होतं.

"संत पडले?"

मी म्हणाले, "आडवे झाले." तेही खरं होतं.

"विश्रांतीसाठी," बोल्क बाई म्हणाल्या. ज्यांनी सहाव्या थांब्यावर एका वर्षाच्या चुकीसाठी माझा अर्धा गुण कापला होता, त्या.

"वय झालंय त्यांचं," विसे म्हणाले. "सतराशे वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

"आणि घोडा?" फीनचा हात खिशात गेला.

"घोडा बोटीवर नव्हता. तो रस्त्याने पुढे गेला होता, बाजारात वाट बघत होता," फान टोल म्हणाले, आणि इतक्या खात्रीने की मी वळून पाहिलं. घोडा खरंच बाजारात होता. पण हे बोटीवरच्या माणसांशिवाय कोणाला माहीत असायचं काय कारण?

फीनने मला विचारलं, "तुझ्या तोंडात काय होतं?"

"पेपरनोटन."

"किती?"

"अकरा," मी म्हणाले.

"चौदा," फान टोल म्हणाले, आणि लगेच घसा साफ केला.

पुढचे पाच थांबे मी कसे केले आठवत नाही. कोणी प्रश्न विचारले नाहीत. विसे आणि आजी घोड्याबद्दलच बोलत होते.

निकाल मंडळाच्या खोलीत लागला. प्रत्येकाला एक कॉफी, एक बिस्कीट, मग डब्याचं झाकण बंद. बोल्क बाईंनी गुणपत्रिका वाचली. थांबा एक, पाठ दाखवली, वजा दोन. थांबा चार, परक्या बोटीशी गप्पा, वजा एक. आणि मग, शब्दशः: "थांबा नऊ. समूहात लहान मूल आहे हे ओळखून उमेदवाराने पुस्तिकेला बाजूला ठेवले व ऋतूला साजेशी कथा जागच्या जागी रचली. कल्पनाशक्ती उत्कृष्ट. दहापैकी नऊ." मी उठून उभी राहिले आणि म्हणाले की ती मी रचलेली नाही. बाई हसल्या. त्या हसू शकतात हे मंडळात कोणाला माहीत नव्हतं असं नंतर कळलं.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "इतक्या गरीब चेहऱ्याने सांगितलीत, क्षणभर मलाही खरी वाटली."

"ती खरीच आहे. गुण बदला."

"बदलीन की. नियम अकरा: पुस्तिकेच्या विरुद्ध काही म्हणायचं असेल तर त्या काळचा लेखी पुरावा हवा. आहे?"

मी म्हणाले, बोटीची रोजची नोंदवही असते.

"मग त्या दिवसाचं पान आणा. पण नीट ऐका. पुरावा आणलात तर ती कथा राहणार नाही, पुस्तिकेचा विरोध होईल. विरोधाला दहापैकी दोन. मग तुम्ही दुसऱ्या उमेदवाराच्या खाली जाता आणि बिल्ला त्यांचा. पुरावा नाही, तर बिल्ला तुमचा. काय करायचं ते तुम्ही ठरवा, बाळ." आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं, फान टोलांचं अभिनंदन केलं, मग सगळ्यांनी सगळ्यांचं, आणि बिल्ला माझ्या कोटाला लावला गेला. तो काढायला दोन्ही हात लागतात, आणि माझ्या एका हातात कॉफी होती.

फान टोल जिन्यापर्यंत सोबत आले. तुला माहीत आहे ना, जो एकदा संत होतो तो ते मरेपर्यंत कबूल करत नाही, बायकोजवळसुद्धा. त्यांनीही केलं नाही. कठड्याला धरून म्हणाले, "संतांना नंतर वाटलं असणार की त्या लहान मुलीला एवढी बिस्किटं एकदम द्यायला नको होती." मी म्हणाले, मुलीनेही एकदम खायला नको होती. मग म्हणाले, "पुढच्या वसंतात एका छोट्या मुलाने पायऱ्यांवर विचारलं, हे कोणी केलं. फेरी दाखवणाऱ्याला काहीतरी सांगणं भाग होतं. संत येतात स्पेनहून, तो शब्द जिभेवर होताच." मी विचारलं, आणि माख्टेल्ड? "ती माझी नाही," ते दुखावून म्हणाले, "ती दुसऱ्या आवृत्तीत आली." दारात टोपी घालताना त्यांनी विचारलं, त्या सुकाणूवरच्या बाई कशा आहेत, संतांना आयुष्यात दुसऱ्या कोणी "दाढीवाल्या" म्हटलेलं नाही. मी म्हणाले, "आहे."

आता गावात काय चाललंय ते ऐक. फीनने सोमवारी शाळेत सांगितलं. बुधवारपर्यंत लोहारपुलाच्या पायऱ्यांवर, संतांनी रात्री खाऊ ठेवावा म्हणून, मुलांचे बावीस बूट लागले होते, प्रत्येकात एक गाजर, आणि पाणकोंबड्या ती खाऊन सुस्त पडल्या होत्या. आया फोटो काढतात आणि म्हणतात, काय गोड गोष्ट रचलीय कोणीतरी. मिठाईवाल्याने स्पॅनिश गोळ्यांना साखरेची दाढी लावली आहे. मंडळाचे जुने लोक माझी पाठ थोपटतात. म्हणजे, आत्या, जे घडलं ते आता सगळ्या शहराला माहीत आहे, आणि त्यावर विश्वास फक्त सात वर्षांखालच्यांचा. मी एकदाही खोटं बोलले नाही आणि खोटं चांगलं बोलते म्हणून मला बिल्ला मिळाला. असा बिल्ला ठेवावा का? रोज सकाळी मी तो काढून टेबलावर ठेवते, आणि रोज सकाळी बाहेर पडताना लावते.

तुझी आठवण येते. बाबांचा, आईचा आणि माझा, सगळ्यांचा मिळून नऊ मुक्यांचा हिशेब मनात धर.

तुझी,
हेस्टर

ता. क. त्या दिवसाचं नोंदवहीतलं पान तेवढं पाठव. खरं तर त्यासाठीच पत्र लिहिलं. मन स्वच्छ व्हायला दुसरा मार्ग दिसत नाही. रजिस्टर टपालाने पाठव, म्हणजे हरवणार नाही.

ता. क. दुसरा. पाठवण्याआधी एकदा वाचून बघ. तू त्या दिवशी "हवा ढगाळ, पूल पार, इतर काही नाही" असंच लिहिलं असशील तर तो पुरावा होत नाही आणि टपालाचा त्रास घ्यायची गरज नाही. त्याहून जास्त लिहिलं असशील तर मला कळव. नको, कळवू नकोस, आधी विचार कर.

ता. क. तिसरा. माझ्या फेऱ्या एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सुरू होतात. मला बुधवार आणि शनिवार दिलेत, आणि पहिल्या फेरीला माणसांनी नावंही नोंदवलीत. तेव्हा पानाची अगदी घाई अशी नाही. डिसेंबरात टपाल तसंही गर्दीचं असतं. जानेवारीत बर्फ.

ता. क. चौथा. बाबा म्हणाले, जुन्या नोंदवह्या तू लाकडी पेटीत घालून गच्चीत ठेवल्यास आणि पेटीचं झाकण नीट लागत नाही. तुमच्याकडे पाऊस पश्चिमेकडूनच येतो ना? नुसतं विचारते. पेटी आत घ्यायला जाऊ नकोस हं. जड असते ती.